गाडी घोडनदीला, माणूस पुण्याला

शिरूर तालुक्यातलं निमोणे पुणे-नगर महामार्गावर नाही. गावाचा पुण्याशी जो काही संबंध आला, तो या एका गोष्टीमुळे दोन टप्प्यांत आला. आधी शिरूर गाठायचं, मग पुणं. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. तिथवर कधी बैलगाडी, कधी सायकल, आता मोटरसायकल. ती स्टँडच्या आसपास ओळखीच्या दुकानापुढे लावायची, दुकानदाराला ‘लक्ष असू द्या’ म्हणायचं आणि एसटीत बसायचं. भीमेपलीकडे दौंड तालुक्यात हेच काम रेल्वे स्टेशनं करतात. केडगावला किंवा यवतला गाडी लावून शटल पकडणाऱ्याला आपण कुठली योजना राबवतोय असं वाटत नाही.

शहराबाहेर स्वतःचं वाहन सोडायचं आणि पुढचा रस्ता सगळ्यांच्या वाहनानं कापायचा, या व्यवहाराला नियोजनाच्या कागदांत ‘पार्क अँड राइड’ हे नाव आहे. शहरातली गर्दी कमी करण्याचा उपाय म्हणून ते हल्ली प्रत्येक आराखड्यात दिसतं. निमोण्यासारख्या गावात मात्र हा व्यवहार गर्दी टाळण्यासाठी सुरू झाला नाही. पुढची गाडी मोठ्या रस्त्यावरूनच सुटायची, म्हणून झाला. आणि मोठा रस्ताही साधासुधा नव्हे. १ जून १९४८ला राज्यातली पहिली एसटी नगरहून पुण्याला धावली, ती याच शिरूरवरून.

योजना म्हणून या गोष्टीचा जन्म सांगतात तो अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा, १९३०च्या दशकातला. मोटारी बनवणारं शहर मोटारींनीच तुंबायला लागलं आणि शहराच्या कडेच्या पेट्रोल पंपांवर गाडी सोडून पुढे सार्वजनिक वाहनानं जायची सोय झाली. गंमत वाटावी असंच हे जन्मस्थान आहे. पुढे अमेरिकेत उपनगरं पसरली आणि स्टेशनाशेजारचं अवाढव्य वाहनतळ हे तिथलं नेहमीचं दृश्य झालं.

या योजनेला खरं वळण मिळालं ते इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला. गाव जुनं, रस्ते अरुंद, मधोमध विद्यापीठ. वाहतूक सोडवायला क्राइस्ट चर्च कॉलेजच्या कुरणातून नवा रस्ता काढावा की नाही, यावर तिथे वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं. १९६०च्या दशकात शहराबाहेर गाड्या लावून लोकांना बसनं आत आणायचे प्रयोग झाले. १९७३मध्ये नगरपालिकेनं धोरणच बदललं. शहरातून मोठे रस्ते काढायचे बेत बाजूला ठेवले आणि दक्षिणेला रेडब्रिज इथं कायमचा तळ सुरू केला. नंतर शहरात येणाऱ्या मुख्य रस्त्यांवर असे पाच तळ झाले. पण नुसत्या तळांनी ते जमलं नाही. मध्यवस्तीत गाडी लावायच्या जागा वाढू दिल्या नाहीत, असतील त्या महाग केल्या, आणि बसला रस्त्यात प्राधान्य दिलं. गाडी बाहेर ठेवणारा आत लवकर पोचायला लागला, म्हणून तो गाडी बाहेर ठेवायला लागला. आपल्याकडच्या आराखड्यांत यातला तळ तेवढा उतरतो. बाकीचं राजकीयदृष्ट्या अवघड असतं.

या कुळात एक खोटही आहे. १९९०च्या दशकात ग्रॅहम पार्कहर्स्ट या ब्रिटिश अभ्यासकानं प्रश्न विचारला, की या तळांमुळे एकूण मोटार वाहतूक उलट वाढत तर नाही? तळावर येणाऱ्यांतले काहीजण आधी घरापासूनच बसनं येत होते. तळ झाल्यावर ते गाडी काढून तळापर्यंत यायला लागले. शहरातली गर्दी थोडी हलली, बाहेरच्या रस्त्यांवर वाढली, आणि खेड्यातल्या बसचे प्रवासी गेले ते वेगळंच. हे आपल्याकडे समजावून सांगावं लागू नये. मुक्कामी एसटी एकदा बंद झाली की गावातली म्हातारी माणसं, शाळेतल्या मुली यांच्यासाठी शिरूर किती लांब होतं, ते ज्याच्या दारात मोटरसायकल आहे त्याला कळत नाही.

शिरूर आणि हवेली तालुक्यांच्या सीमेवर या योजनेचं एक मोठं रूप दरवर्षी उभं राहतं, याकडे मात्र वाहतुकीचे अभ्यासक फारसे वळत नाहीत. १ जानेवारीला लाखो लोक पेरण्याच्या जयस्तंभाला अभिवादन करायला येतात. हा स्तंभ १८१८च्या कोरेगाव भीमाच्या लढाईचा. १ जानेवारी १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथं आले, तेव्हापासून या दिवसाला वेगळंच महत्त्व आलं. २०१८च्या हिंसाचारानंतर बंदोबस्ताबरोबर वाहतुकीचंही नियोजन बारकाईनं व्हायला लागलं. एका बाजूला लोणीकंदकडे, दुसऱ्या बाजूला कोरेगाव भीमा, शिक्रापूरकडे मोकळ्या जागांवर वाहनतळ. दुचाकी वेगळ्या, मोटारी वेगळ्या, बाहेरगावच्या बस वेगळ्या. तिथून पीएमपीच्या शेकडो बस लोकांना स्तंभापर्यंत नेतात नि परत आणतात. महामार्गावरची इतर वाहतूक वळवलेली असते. नगरकडून पुण्याला निघालेल्या गाड्या शिरूरहून न्हावरे, पारगाव, चौफुला, यवत करत हडपसरला निघतात. म्हणजे निमोण्याच्या शेजारच्या न्हावऱ्याला त्या दिवशी महामार्गाची रहदारी सोसावी लागते.

हे जमतं, कारण त्या दिवशी दोन्ही अटी पुऱ्या होतात. स्वतःची गाडी पुढे नेता येत नाही आणि बसला रस्ता मोकळा मिळतो. यातली दुसरी अट बिघडली की काय होतं ते नाशिकनं पाहिलं. २०१५च्या सिंहस्थात पहिल्या शाही पर्वणीला गाड्या बाहेर थांबवल्या खऱ्या, पण बंदोबस्त इतका कडक की भाविकांची पायपीट झाली. पुढच्या पर्वण्यांना तो सैल करावा लागला.

एरवीच्या ३६४ दिवशी नगर रस्त्यावर या दोन्हींपैकी एकही अट पुरी होत नाही. रामवाडीपर्यंतची मेट्रो मार्च २०२४मध्ये सुरू झाली. तिथे कितीही मोठा तळ केला, तरी शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा, वाघोली एवढी कोंडी गाडीत बसून सोसलेला माणूस रामवाडीला कशाला थांबेल? त्याचा त्रास तिथे संपत आलेला असतो. केंद्रीय मंत्रिमंडळानं जून २०२५मध्ये मेट्रो वाघोलीच्या विठ्ठलवाडीपर्यंत न्यायला मंजुरी दिली, त्यानं फरक पडेल, पण निम्माच. तळ कोंडीच्या अलीकडे हवा, म्हणजे शिक्रापूरच्याही अलीकडे. आणि तिथून निघणारी बस त्याच कोंडीत अडकणार असेल, तर गाडी सोडून तिच्यात चढण्यात शहाणपण कसलं? तिला स्वतंत्र मार्गिका लागेल. शिवाय पुण्यात पोचल्यावर गाडी बहुतेक रस्त्यांच्या कडेला फुकट लावता येते. महापालिकेनं २०१८मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं, तेही प्रयोग म्हणून पाच रस्त्यांपुरतं, आणि तेवढंही अमलात आलं नाही.

२००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात या सोयीचा उल्लेख आहे तो सायकलवाल्यांसाठी. पुढच्या चर्चांत सायकल गळाली आणि चारचाकी आली. निमोणे-न्हावऱ्याकडून येणारा मात्र बहुतेक दुचाकीवर असतो. एका मोटारीच्या जागेत चार-पाच दुचाकी सहज मावतात. त्याला हवंय पावसात टिकेल असं छप्पर, पावती देणारा माणूस आणि मुख्य म्हणजे परतीची खात्री. पुण्यात दुसरी पाळी करून निघालेल्याला रात्री अकराला शिरूरची बस मिळाली नाही, तर दुसऱ्या दिवसापासून तो मोटरसायकल थेट पुण्यापर्यंत नेतो. तेव्हा जागेची मोजणी करण्याआधी कुणीतरी एसटीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारायला हवी.