उसाच्या गाडीमागचा दिवा

वाहनाच्या बाहेरच्या दिव्यांची दोन घराणी आहेत. एक चालकाला रस्ता दाखवणाऱ्यांचे, दुसरे वाहन इतरांना दाखवणाऱ्यांचे. हेडलाइट, फॉग लॅम्प आणि ट्रॅक्टरचा प्लाऊ लॅम्प पहिल्या घराण्यातले. टेल लॅम्प, इंडिकेटर, पार्किंग दिवा आणि रिफ्लेक्टर दुसऱ्यातले. बारामती-इंदापूर भागात आधी नांदले ते दुसरे घराणे. रोजच्या वाटेवरच्या बैलाला रस्ता दाखवावा लागत नाही.

नीरा डाव्या कालव्याचे पाणी 1880च्या दशकात इकडे आले. त्यावर ऊस वाढला आणि 1930च्या दशकात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. पुढे भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने निघाले. तोडलेला ऊस पडून राहिला की त्याचे वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. त्यामुळे गळीत हंगामात गाड्या रात्री-पहाटेही रस्त्यावर असतात. बैलगाडीच्या आखाखाली रॉकेलचा कंदील टांगण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र होती. ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील त्या काळी प्रसिद्धच. आखाखालच्या त्या उजेडात गाडीवानाला फारसे दिसत नसे, पण इथे गाडी आहे एवढे दुसऱ्याला कळे. कामाच्या दृष्टीने टेल लॅम्पचा हा पूर्वज.

मोटारीचे दिवेही तेलावरच सुरू झाले. मग कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणारा ॲसिटिलिन वायू जाळणारे दिवे आले. 1912 साली कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले, आणि त्यानंतर दिव्यांना बोलता येऊ लागले. ब्रेक दाबताच पेटणे किंवा वळण्याआधी लुकलुकणे ज्योतीला कधीच जमले नसते. ब्यूकने लुकलुकणारे इंडिकेटर 1939च्या गाड्यांवर बसवले. मागच्या बाजूला लाल रंग आला, कारण रेल्वेने लाल म्हणजे धोका हे लोकांच्या अंगवळणी आधीच पाडले होते.

फॉग लॅम्पचा उपयोग उजनीच्या फुगवट्याकाठी, भिगवणजवळच्या महामार्गावर हिवाळ्यातल्या धुक्यात समजतो. हेडलाइटचा वरचा झोत धुक्याच्या थेंबांवरून उलटून चालकाच्याच डोळ्यांत येतो. म्हणून फॉग लॅम्प खाली बसवतात आणि त्याचा झोत रुंद, पण वरून कापलेला ठेवतात. प्लाऊ लॅम्प रात्रीच्या नांगरटीसाठी मागे पांढरा उजेड टाकतो. रस्त्यावर तो चालू राहिला, तर मागच्या चालकाला समोरून वाहन येत असल्याचा भास होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे मागे लालच उजेड दिसायला हवा. रिव्हर्सचा किंवा नंबरप्लेटचा दिवा असे मोजके अपवाद आहेत.

बारामतीच्या एमआयडीसीतून पियाजिओची तीनचाकी सगळ्या दिव्यांसह बाहेर पडते. उसाची ट्रॉली मात्र बहुधा स्थानिक वर्कशॉपमध्ये वेल्डिंगने जोडलेली असते. तिच्या मागच्या दिव्याला वीज ट्रॅक्टरकडून वायरने मिळते. ट्रॉल्या बदलताना ती वायर तुटते, दोन ट्रॉल्या जोडल्या की जोड वाढतात, आणि दिवा धड असला तरी लोंबणारा ऊस त्याला झाकतो. इथे खरे काम करतो तो वायरच नसलेला दिवा.

रिफ्लेक्टरच्या प्लास्टिकमागे घरातल्या कोपऱ्यासारखे, परस्परांशी काटकोन करणाऱ्या तीन पृष्ठांचे बारीक खळगे असतात. त्यांत शिरलेला किरण तिन्ही पृष्ठांवर आपटून आल्या दिशेनेच परततो. मागच्या चालकाचे डोळे त्याच्या हेडलाइटच्या जवळच असल्याने रिफ्लेक्टर त्यालाच ठळक दिसतो. इंग्लंडच्या पर्सी शॉ यांनी 1934 साली रस्त्यात बसवायचे काचेचे ‘मांजरडोळे’ केले, ते याच गुणावर. लोक जिला रेडियम म्हणतात त्या पट्टीत बारीक काचमणी किंवा प्रिझम असतात. मोटार वाहनांवर पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल पट्टी लावायची असते. हंगामात परिवहन कार्यालय आणि पोलीस कारखान्यांच्या आवारात ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना अशा पट्ट्या लावून घेतात. उसाखाली झाकली जाऊ नये म्हणून कापडावर चिकटवलेली पट्टी मोळ्यांवरून मागे सोडतात.

रिफ्लेक्टर स्वस्त आहे, पण तो उधारीच्या उजेडावर चालतो. चिखलाने माखला की आंधळा होतो, आणि मागच्या वाहनाचा दिवाच बंद असेल तर त्याचा काही उपयोग नाही. 1 एप्रिल 2017पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप पेटतो. त्या नियमाचा हेतू दुचाकी इतरांना दिसावी हा होता, पण अंधारात उभ्या ट्रॉलीच्या पट्टीलाही त्यातून उजेड मिळाला. ट्रॉली थांबते आहे की वळते आहे, हे मात्र रिफ्लेक्टर सांगू शकत नाही. त्यासाठी ब्रेकचा दिवा, इंडिकेटर आणि ती तुटणारी वायर लागतेच.