नोंद नसलेले पाणी

विहीर खणतात आणि बोअर मारतात. नागपुरात ‘बोअर खणली’ असे कोणी म्हणत नाही. सरकारी कागदावर तिचे नाव ‘विंधन विहीर’ असते. विंधणे म्हणजे आरपार छिद्र पाडणे. गल्लीत संध्याकाळी तमिळनाडूच्या नंबरप्लेटचे दोन ट्रक येतात. एकावर यंत्र असते, दुसऱ्यावर कॉम्प्रेसर. रात्रभर कानठळ्या बसतात, घरांवर राखाडी धुळीचा थर चढतो आणि पहाटे कधीतरी धुळीऐवजी चिखल उडू लागतो. मग नारळ फुटतो. परवानगी कोणाची घेतली, असे विचारले तर घरमालक नवलाने बघतो. ‘प्लॉट आपला, पाणी आपले,’ हे त्याचे उत्तर ठरलेले असते.

हे वाक्य आपण आजोबा-पणजोबांपासून चालत आलेल्या शहाणपणासारखे बोलतो. मात्र नागपूरपुरते बोलायचे तर त्याला एक तारीख आहे, १ जुलै १८८२. मी कायद्याचा किंवा भूगर्भशास्त्राचा रीतसर विद्यार्थी नाही. घरच्या विहिरीमुळे या प्रश्नात पडलो आणि वाचत गेलो. त्या वाचनात सर्वांत मोठा धक्का या तारखेने दिला.

त्या दिवशी भारतीय सुविधाधिकार कायदा अमलात आला. त्याचा मसुदा विधी सदस्य व्हिटली स्टोक्स यांचा. हा गृहस्थ मूळचा आयरिश, आणि जुन्या केल्टिक भाषांचा नामांकित पंडित. कायदा प्रथम फक्त मद्रास, कूर्ग आणि मध्य प्रांत या तीनच प्रदेशांना लागू झाला. मध्य प्रांताची राजधानी नागपूर. मुंबई इलाख्यात तो पोचला १८९१ साली. म्हणजे जमिनीखालच्या पाण्याविषयीचा हा लिखित नियम पुण्या-मुंबईच्या नऊ वर्षे आधी नागपूरला लागू झाला होता.

कायद्याच्या सातव्या कलमात मालकाच्या स्वाभाविक हक्कांची उदाहरणे आहेत. त्यांतले एक सांगते, की ठरावीक प्रवाहातून न वाहणारे, जमिनीखालचे सगळे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क प्रत्येक जमीनमालकाला आहे. किती काढावे याला मर्यादा नाही. शेजाऱ्याचा उल्लेख नाही.

याहून बोलके आहेत पंधरावे आणि सतरावे कलम. आपल्या खिडकीतून वीस वर्षे विनाअडथळा उजेड येत असेल, तर पंधराव्या कलमाने तो उजेड आपला हक्क होतो. शेजारी पुढे भिंत बांधू लागला तर त्याला कोर्टात खेचता येते. पण कोणते हक्क अशा दीर्घ वापराने मिळत नाहीत याची यादी सतराव्या कलमात आहे, आणि ठरावीक प्रवाह नसलेले भूजल त्या यादीत बसवले आहे. वीस वर्षांच्या उजेडाला संरक्षण आहे, मात्र शंभर वर्षे भरल्या असलेल्या विहिरीला नाही. शेजाऱ्याने अधिक खोल जाऊन तिचे पाणी ओढले, तर या कायद्यापुरती तक्रार संपली.

हा विचार आला कुठून? इंग्लंडमध्ये १८४३ साली अ‍ॅक्टन विरुद्ध ब्लंडेल हा खटला निकालात निघाला. लँकेशायरमधल्या एका कापड गिरणीला विहिरीचे पाणी लागत असे. काही अंतरावर कोळशाच्या खाणी खोदल्या गेल्या आणि विहीर आटली. न्यायालयाने गिरणीवाल्याच्या विरुद्ध निकाल दिला. नदी दिसते, तिच्या काठचे लोक एकमेकांचे हक्क जाणून असतात. जमिनीखाली काय चालते ते कोणाला दिसत नाही, मग त्यावर एकमेकांचे हक्क कसे मानायचे, असा एकूण तर्क होता. भूजलाची गती मोजण्याचे शास्त्र तेव्हा जन्मायचे होते. त्या काळच्या अज्ञानातून निघालेला तो तोडगा होता. एकोणचाळीस वर्षांनी तोच नागपूरचा नियम झाला.

नागपूरच्या जमिनीखाली काय आहे याचा शोध मात्र त्याआधीच सुरू झाला होता. १८४५ साली येथे आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूर राज्याच्या भूगर्भावर लंडनच्या नियतकालिकात लेख लिहिला. आपले शहर दोन खडकांच्या सांध्यावर बसले आहे. सीताबर्डीची टेकडी आणि तिच्या पश्चिमेचा भाग काळ्या पत्थराचा, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टचा. पूर्वेकडे फार जुने ग्नाइस खडक, आणि कामठीकडे वाळूखडक, ज्याला शास्त्रात कामठीचेच नाव आहे. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना बोरीच्या पुरात बुडून वारले. त्यांचे नाव आज आपण कॉलेजमुळे घेतो. विहीर खणणाऱ्याला मात्र त्यांचा विषय रोज भेटतो. काळा पत्थर अखंड असेल तर त्यात पाणी मुरत नाही. पाणी असते ते वरच्या मुरमात, झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. या भेगा प्लॉटच्या हद्दी पाहून पडलेल्या नसतात.

हाती खणलेल्या विहिरीला या खडकानेच मर्यादा घातली होती. माती, मुरूम, मग सुरुंग लावून फोडलेला पत्थर, असे करत तीस-चाळीस फुटांवर पाणी लागले की खणणारा थांबे. पुढे जाणे खर्चाच्या आणि जिवाच्या दृष्टीने परवडत नसे. शिवाय मोटेने किंवा रहाटाने दिवसात किती पाणी निघणार? रात्रीतून विहीर पुन्हा भरत असे. १८८२ च्या कायद्याने मालकाला अमर्याद हक्क दिला, तरी माणसाचे हात आणि बैलांचे खांदे त्याला मर्यादेत ठेवत होते. म्हणून त्या कलमाचा धोका कोणाला जाणवला नाही.

गावात पाण्याचा हिशेब ठेवण्याची दुसरी रीतही होती. वाटणीपत्रात ‘विहिरीत चौथा हिस्सा’ असे लिहिले जाई आणि भावाभावांच्या पाण्याच्या पाळ्या ठरत. मध्य प्रांतातल्या मालगुजारी गावांत तर गावाच्या रूढी ‘वाजिब-उल-अर्ज’ या दप्तरात नोंदल्या जात. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आवारातली विहीर घराबरोबर राहिली. दप्तर मात्र टिकले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये विदर्भासाठी निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची वेगळी कलमे आहेत. सरकारच्या ताब्यात नसलेल्या जमिनीत किंवा पाण्यात गावाचे सिंचनाचे, वहिवाटीचे, मासेमारीचे कोणते रिवाज आहेत ते त्यात लिहायचे असतात. म्हणजे एकाच नागपूर जिल्ह्यात दोन विचार शेजारी नांदत होते. दिसणारे पाणी गावाच्या वहीत होते. न दिसणारे पाणी कोणाच्याच वहीत नव्हते.

शहरात विहिरीचे महत्त्व आधीच घटू लागले होते. १८६४ साली नगरपालिका स्थापन झाली, त्यानंतरच्या दशकात अंबाझरीचे पाणी नळाने शहरात आले, पुढे कन्हान आणि पेंचचे आले. महाल-इतवारीतल्या वाड्यांच्या विहिरींवर जाळ्या बसल्या आणि काहींत कचरा पडला. ज्या नव्या वस्त्यांत नळ पोचला नाही, तिथे माणसे पुन्हा जमिनीकडे वळली. पण तोवर यंत्र आले होते.

१९६७ च्या सुमारास बिहारच्या दुष्काळात युनिसेफने दाबलेल्या हवेवर चालणारी वेगवान यंत्रे भारतात आणली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राला त्यांची किंमत कळली. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्याच काळातली. हजारो गावांना हातपंपाने पाणी मिळाले, बायकांच्या डोक्यावरचे हंडे काही प्रमाणात तरी उतरले. या यंत्राविषयी बोलताना हे ऋण विसरता कामा नये. पण जे यंत्र गावासाठी आले ते लवकरच ज्याच्याकडे पैसे त्याच्यासाठी धावू लागले. पत्थर फोडायला जिथे महिने लागत, तिथे एक रात्र पुरू लागली. त्याला विजेच्या पंपाची जोड मिळाली आणि खडकाने घातलेली मर्यादा उठली. १८८२ चे कलम खऱ्या अर्थाने तेव्हा लागू झाले, असे मला वाटते. काटोल-नरखेडच्या आणि शेजारच्या वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या पट्ट्यात त्याचा परिणाम आपण पाहतोच. तिथे बागायतदार दरवर्षी आणखी खोल जातो, आणि त्यामागे लहान शेतकऱ्याची विहीर कोरडी पडते.

कायदा मागून, रखडत आला. केंद्राने भूजलाच्या नमुना विधेयकाचा मसुदा १९७० मध्येच राज्यांना पाठवला होता. महाराष्ट्राचा पहिला कायदा १९९३ चा. त्याने पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी १९९७ मध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरण स्थापन झाले. पुढे राज्याने २००९ चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम केला. तो अमलात यायला जून २०१४ उजाडले आणि नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला तो २०१८ मध्ये.

या अधिनियमाने साठ मीटर, म्हणजे जवळपास दोनशे फूट, ही खोल विहिरीची व्याख्या केली आणि शेती व उद्योगासाठी त्याखाली जाण्यास आळा घातला. अधिसूचित क्षेत्रात नव्या विहिरीला परवानगी लागते. विहीरमालकाने विहिरीची आणि यंत्रमालकाने यंत्राची नोंदणी करायची आहे. त्याखेरीज उघड्या बोअरमध्ये मुले पडून दगावू लागली तेव्हा, २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने काही सूचना दिल्या. बोअर मारण्याच्या पंधरा दिवस आधी लेखी कळवायचे, काम चालू असताना फलक आणि कुंपण हवे, तोंडाला घट्ट झाकण आणि भोवती सिमेंटचा ओटा हवा, कोरडी गेलेली बोअर बुजवायची. दुसरीकडे २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी घरगुती वापरासाठी पाणी घेणाऱ्या व्यक्तींना केंद्राच्या परवान्यातून सूट दिली. या सुटीचा अर्थ गल्लीत एवढाच घेतला जातो, की घरच्या बोअरला काहीच लागत नाही. नोंदणी, पूर्वसूचना आणि झाकण यांचा विसर पडतो.

आता घरच्या विहिरीविषयी. आमच्या जुन्या घरामागे आजोबांनी खणवलेली अडतीस फुटांची विहीर होती. उन्हाळ्यात पाणी तळाला जाई, पण कधी आटली नव्हती. एका वर्षी शेजारी बोअर झाली आणि दुसऱ्या वैशाखात आमच्या विहिरीचा तळ दिसला. शेजारी भला माणूस. त्याने आपण होऊन भिंतीवरून पाइप टाकून दिला. त्याच्याविरुद्ध कायद्यात काही आहे का, हे पाहताना मला सतरावे कलम सापडले. चार वर्षांनी आम्हीही बोअर मारली, त्याच्याहून साठ फूट खोल. पूर्वसूचना दिली नाही, कारण द्यायची असते हे मला माहीत नव्हते, आणि खरे सांगायचे तर मी विचारलेही नव्हते. गल्लीच्या टोकाला एका म्हाताऱ्या बाईंचा आड होता. त्यानंतर त्यांच्याकडे टँकर येऊ लागला. तो आमच्या बोअरमुळेच, असे मी सिद्ध करू शकत नाही. नाही, असेही सिद्ध करू शकत नाही. १८४३ च्या न्यायमूर्तींनी नेमक्या याच संशयाचा फायदा खोल जाणाऱ्याला दिला होता.

नोंदणीने पाणी वाढत नाही, हे खरे. पण कोणत्या गल्लीत किती बोअर, किती खोल, कधी मारल्या, हे एका वहीत आले तर असा प्रश्न निदान विचारता येईल, आणि पावसाचे पाणी छतावरून कोणत्या विहिरीत सोडावे हेही ठरवता येईल. नागपूरला वर्षाला सरासरी अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बराच नाग नदीतून निघून जातो.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही जुन्या विहिरीतला गाळ काढला आणि गच्चीचे पन्हाळ तिच्यात सोडले. बोअरच्या खोलीचा आणि तारखेचा कागद शोधून नोंदणीच्या अर्जाला जोडला. यंदा दसऱ्याला विहिरीत अकरा फूट पाणी होते. त्या बाई आता नाहीत आणि आडावर फरशी बसली आहे. पाऊस संपला की मी दर महिन्याला दोर सोडून आमच्या विहिरीचे पाणी मोजतो आणि वहीत लिहून ठेवतो. शेजाऱ्यालाही तसे करायला सांगितले आहे. तो हो म्हणाला आहे.