भायखळ्याच्या फुटपाथवरील बायका : खैरात आणि भागीदारीचा एक इतिहास

मुंबईतील मुस्लिम समाजाचा इतिहास आपण वाचतो तो बहुतेक वेळा संस्थांचा आणि संस्थापकांचा असतो. बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ साली स्थापन केलेली अंजुमन-ए-इस्लाम, कोकणी, मेमन, बोहरा, खोजा जमातींचे दवाखाने, मुसाफिरखाने, शिष्यवृत्त्या आणि वक्फ ही परंपरा मोठी आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशीच आहे. परंतु या इतिहासात गरीब माणूस येतो तो घेणारा म्हणून. देणाऱ्याचे नाव संगमरवरी पाटीवर कोरलेले असते. घेणाऱ्याचे नाव वहीतल्या एका ओळीपुरते. गरिबांनी, त्यातही गरीब मुस्लिम बायकांनी, स्वतः काही उभे केले असेल तर त्याची नोंद आपल्या लेखनात सहसा सापडत नाही. अशाच एका नोंद न झालेल्या प्रयत्नाचा हा धावता आढावा आहे.

या इतिहासाची सुरुवात एका सरकारी हुकमाने होते. १३ जुलै १९८१ रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री बॅ. ए. आर. अंतुले यांनी मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. भर पावसाळ्यात झोपड्या तोडल्या गेल्या, माणसे बसमध्ये बसवून शहराबाहेर नेऊन सोडण्यात आली. अंतुले हे आपल्याच कोकणातले, रायगड जिल्ह्यातले. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदी पोहोचलेले पहिले मुसलमान. निराधारांना दरमहा अनुदान देणारी संजय गांधी निराधार योजना त्यांच्याच कारकिर्दीत, १९८० साली सुरू झाली आणि असंख्य विधवा-वृद्धांना तिचा आधार मिळाला. एकाच राज्यकर्त्याच्या हातून एका वर्षाच्या अंतराने ही दोन कामे व्हावीत, यात विसंगती वाटते. पण थोडा विचार केला तर दोन्हींमागची दृष्टी फारशी वेगळी नाही. गरीब हा दयेचा विषय असेल तर दया करायची की नाही, हे देणाराच ठरवणार. निराधाराला अनुदान मिळाले, फुटपाथवाल्याला बस मिळाली. विचारले कोणालाच नाही.

या कारवाईविरुद्ध पत्रकार ऑल्गा टेलिस, नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीतील कार्यकर्ते आणि स्वतः फुटपाथवासी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १० जुलै १९८५ रोजी लागला. तो सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिला होता. घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही सामावलेला आहे, हे तत्त्व या निकालाने मान्य केले. कायद्याच्या पुस्तकांतून आजही हा निकाल गौरवाने सांगितला जातो. मात्र त्याचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. फुटपाथवर घर बांधण्याचा हक्क कोणालाही नाही आणि रीतसर नोटीस देऊन महापालिका झोपड्या हटवू शकते, असेही त्याच निकालात होते. १९७६च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रे मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्यावी, एवढे सांगून न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत कारवाई थांबवली. म्हणजे तत्त्व जिंकले, पण ज्यांच्यासाठी ते मांडले त्यांच्या हाती पावसाळ्यापुरती मुदत तेवढी आली.

नागपाडा-भायखळा भागातील रस्त्यांच्या कडेला त्या वेळी हजारो कुटुंबे राहत होती. त्यांत मुसलमानांची संख्या मोठी होती. दुष्काळाने, कर्जाने, जमिनीच्या तुकड्यावर भागेनासे झाल्याने गाव सोडून आलेली ही माणसे. पुरुष हमाली, हातगाडी, बांधकामावरची मजुरी करीत. बायका घरकाम, कागद-काच-पत्रा वेचणे, शिवणकाम किंवा मिळेल ते काम करीत. फुटपाथ सोयीचा वाटतो म्हणून कोणी तेथे राहत नव्हते. काम जवळ होते आणि रोजच्या कमाईत गाडीभाडे परवडत नव्हते, म्हणून राहत होते.

१९८४ साली याच भागात शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्पार्क' ही संस्था सुरू केली होती. महापालिकेच्या दवाखान्यामागील एक गॅरेज हेच तिचे कार्यालय. निकालानंतर सगळीकडे एकच प्रश्न होता : आता काय? मोर्चा काढणे, पुन्हा कोर्टात जाणे हे मार्ग होतेच. पण फुटपाथवरच्या बायकांना त्याआधी एक साधी गोष्ट हवी होती. आपण किती आहोत, कुठून आलो, काय काम करतो हे सरकारला ठाऊकच नव्हते. मग लोकांना सोबत घेऊन गणना करण्यात आली आणि १९८५ मध्येच तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. 'आम्ही, न दिसणारे' अशा अर्थाचे त्याचे नाव होते. सहा हजारांहून अधिक कुटुंबांची त्यात नोंद होती. फुटपाथवाले म्हणजे कालपरवा आलेले, गुन्हेगार, उपरे, हा समज या नोंदींनी खोडून काढला. अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच जागी राहत होती, झोपडी पडली की पुन्हा उभारत होती. आजवर मोजणी व्हायची ती पाडापाडीसाठी. या वेळी लोकांनी स्वतःला मोजले ते बोलणी करण्यासाठी.

१९८६ साली या बायकांची 'महिला मिलन' ही संघटना उभी राहिली. झोपडपट्टीवासीयांच्या राष्ट्रीय महासंघाचे नेते जोकिन अर्पुथम यांची तिला साथ मिळाली. अर्पुथम हे कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या परिसरातून मुंबईत आलेले. ते राहत होते ती जनता कॉलनी आणीबाणीत, १९७६ साली उठवली गेली आणि तेथील लोकांना चित्ता कॅम्पमध्ये हलवण्यात आले. उठवले जाणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. संस्था, महासंघ आणि महिला मिलन यांच्या या युतीत कामाची विभागणी होती. कागदपत्रे, पैसा आणि सरकारी पत्रव्यवहार संस्थेने पाहायचा. वस्तीत काय करायचे ते मात्र वस्तीने ठरवायचे.

महिला मिलनचा पाया होता बचत. भिशी आपल्या मोहल्ल्यांना नवी नाही. पण भिशीत ठरलेला हप्ता ठरलेल्या दिवशी द्यावा लागतो. ज्या घरात आज कमाई आहे आणि उद्या नाही, ते घर भिशीत टिकत नाही. म्हणजे सर्वांत गरीब बाई भिशीच्याही बाहेर राहते. महिला मिलनने हप्ताच काढून टाकला. वस्तीतलीच एक बाई रोज घरोघर फिरे. जिला रुपया जमेल तिने रुपया द्यावा, जिला जमणार नाही तिने उद्या द्यावा. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. तेव्हा वेगवेगळ्या रकमांसाठी वेगवेगळ्या रंगांचे कागदाचे तुकडे ठरले आणि ते प्रत्येकीच्या पिशवीत जमा होऊ लागले. हिशेब डोळ्यांना दिसत होता, त्यामुळे विश्वास बसत होता.

या रोजच्या फेरीचे मोल पैशापेक्षा अधिक होते. दारात रोज जाणाऱ्या बाईला कोणाचे मूल तापाने फणफणले आहे, कोणाचा नवरा कामावर गेला नाही, कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे आपोआप कळे. संकट आले की जमलेल्या पैशांतून तातडीचे कर्ज मिळे आणि ते द्यायचे की नाही हे शेजारणीच ठरवीत. सावकाराच्या दारात जाण्याची वेळ टळे. जी बाई काल कर्ज घेणारी होती तीच आज कर्ज मंजूर करणाऱ्यांत बसलेली असे. देणारा आणि घेणारा यांच्यातील भिंत येथे पडते.

बचतीतून आलेले बळ घेऊन या बायका रेशन कार्यालयात, पोलीस ठाण्यात, इस्पितळात जाऊ लागल्या. 'पत्ता नाही तर रेशनकार्ड नाही' या उत्तराशी त्या चिकाटीने झगडल्या. एकट्या बाईला हाकलणे सोपे असते. हिशेब ठेवणाऱ्या वीस बायकांना हाकलणे कठीण जाते. शहरात मोकळी जमीनच नाही, असे सरकार म्हणे. तेव्हा त्यांनी गटागटाने फिरून रिकाम्या जमिनी स्वतः पाहिल्या. घर कसे हवे याचाही त्यांनी विचार केला. चौदा फूट उंचीचे, आत पोटमाळा असलेले घर त्यांनी कल्पिले. साड्यांनी मापे घेतली आणि पूर्ण आकाराच्या नमुन्याचे घर उभारून अधिकाऱ्यांना पाहायला बोलावले. अधिकाऱ्यांनी गरिबांकडे जाण्याऐवजी गरिबांनी अधिकाऱ्यांना निमंत्रण द्यावे, हा बदल छोटा नव्हता.

फळ यायला दहा वर्षे लागली. १९९५च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवासीयांना प्रथमच झोपडीवासीयांच्या बरोबरीने घराचा हक्क मिळाला. पुढे मानखुर्दला 'मिलन नगर' उभे राहिले आणि भायखळ्याच्या फुटपाथवरची कुटुंबे पक्क्या घरांत गेली. पुण्यात १९९९ पासून महापालिकेने वस्त्यांमधील सार्वजनिक स्वच्छतागृहांची मोठी मोहीम काढली, तीत महिला मिलनच्या बायकांनी बांधकामाची आणि देखभालीची कामे घेतली. रेल्वेमार्गालगतच्या झोपड्यांतील सुमारे साठ हजार माणसांचे २००० नंतर स्थलांतर झाले, त्यातही ही युती होती. १९९६ साली स्थापन झालेल्या झोपडीवासीयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत भायखळ्याचा हा अनुभव दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोहोचला. अक्षर न ओळखणाऱ्या बायका परदेशी बायकांना बचत शिकवू लागल्या.

हे सारे यशाचेच होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. सरकारशी भागीदारी करताना सरकारचे काम सोपे होते आणि लोकांचा विरोध बोथट होतो, अशी टीका या युतीवर झाली. शहरी वाहतूक प्रकल्पाच्या पुनर्वसनाबद्दल बाधितांच्या तक्रारी जागतिक बँकेच्या तपासणी समितीपर्यंत गेल्या. समितीने गंभीर उणिवा नोंदवल्या आणि मार्च २००६ मध्ये बँकेने काही काळ निधी रोखला. मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन इमारतींत पक्के छप्पर मिळाले, पण काम दूर गेले, प्रवासखर्च आणि देखभालीचा खर्च मागे लागला. एकमेकींना चिकटलेल्या, हवा-उजेड न येणाऱ्या इमारतींत क्षयरोग फैलावल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसून आले. घर मिळाले म्हणजे गरिबी संपली असे होत नाही.

तरीही या इतिहासात आपल्यासाठी एक प्रश्न आहे. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालाने शहरी मुसलमानांतील गरिबांचे प्रमाण ३८ टक्क्यांहून अधिक असल्याचे दाखवले. त्यानंतर आपण सरकारकडे बरेच काही मागितले आणि ते मागणे रास्तच आहे. पण समाजाच्या आत काय? दर रमजानला जकात निघते, शिधा वाटला जातो, रांगा लागतात. जकात हे दान नव्हे, तर गरिबाचा हक्क आहे, असे आपण मिंबरवरून ऐकतो. हक्क असेल तर हक्कदाराला रांगेत उभे का राहावे लागते? वाटप समितीत एखादी विधवा, एखादी कागद वेचणारी बाई का बसत नाही? कोणत्या घराला रोख मदत हवी, कोणाला शिलाई मशीन, कोणाच्या मुलीची फी भरायची, हे त्या गल्लीतील बायकांइतके कोणत्या विश्वस्ताला माहीत असणार?

भायखळ्याच्या बायकांनी दानाला नकार दिला नाही. बाहेरची मदत त्यांनी घेतली, संस्थेचा हात धरला, सरकारशीही बोलणी केली. फक्त स्वतःचा हिशेब त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिला नाही. जोकिन अर्पुथम २०१८ साली गेले. रोजची फेरी सुरू करणाऱ्या पहिल्या पिढीतल्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांच्या आठवणी टिपून घेण्याचे काम आपल्या मराठी लेखक-लेखिकांनी हाती घेतले, तर मुंबईच्या मुस्लिम समाजाच्या इतिहासात देणाऱ्यांच्या नावांशेजारी आणखी काही नावे येतील. ती संगमरवरावर कोरलेली नसतील. पण तो इतिहास अधिक खरा असेल.