पाहुण्याला वत्सगुल्मही दाखवा

रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावात पाहुणे मुक्कामी आले की दुसऱ्या दिवशीचा बेत ठरलेला असतो. वाशिमचे बालाजी, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, सवड असली तर लोणार. आणखी एखादा दिवस हाताशी असेल तर कारंज्याचं गुरुमंदिर नाहीतर पोहरादेवी. संध्याकाळी घरी परतल्यावर वरण-रोडगे आणि वांग्याची भाजी. हा क्रम कुणी बसून ठरवलेला नाही, यात्रेच्या वाटांनी तो घालून दिला आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसं ज्या वाटेने दर्शनाला गेली, त्याच वाटेने ती सोयऱ्याधायऱ्यांना घेऊन जाऊ लागली. या भागाचा जो इतिहास लोकांनी स्वतः सांभाळला, तो याच क्रमात आहे, असं माझं मत आहे. मात्र त्यातलं सगळ्यात जुनं पान गळून गेलं आहे. ते पान म्हणजे वत्सगुल्म.

दर्शनाच्या या वाटेला कमी लेखण्याचं कारण नाही. बालाजीचं देऊळ 18व्या शतकातलं, नागपूरकर भोसल्यांच्या पदरी मोठ्या पदाला चढलेल्या भवानी काळूंनी बांधलेलं. धामधुमीच्या काळात मूर्ती जमिनीत पुरल्या, पुढे त्या कुठे आहेत हेही लोक विसरले, आणि एका घोडेस्वाराने सहज काठीने माती उकरली तेव्हा त्या सापडल्या, अशी तिथली आख्यायिका आहे. पाहुण्याला ही हकिगत सांगताना वऱ्हाडावरची मोगल आणि मराठ्यांची राजवट नकळत सांगून होते. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. पोहरादेवीला सेवालाल महाराजांच्या समाधीपाशी बंजारा समाजाची स्मृती एकवटलेली आहे. लोणारला गेलेला माणूस दैत्यसूदनाचं देऊळ आणि गोमुखाची धार पाहतो. लोणारच्या सरोवराच्या परिसरात काच आणि साबण करायला लागणारी द्रव्यं मिळतात, अशी नोंद अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत करून ठेवली आहे. ती मात्र पाहुण्याला कुणी ऐकवत नाही. देवाभोवतीची गोष्ट टिकली, धंद्याची आणि विद्येची गळाली. कारंज्यातही तेच झालं. तिथल्या जैन भांडारांनी अपभ्रंश भाषेतल्या पोथ्या शतकानुशतकं जपल्या. त्यांच्या आधारे 1930च्या दशकात पुष्पदंत कवीचे ‘जसहरचरिउ’ आणि ‘णायकुमारचरिउ’ हे ग्रंथ कारंज्याच्याच ग्रंथमालांत छापले गेले. मराठीच्या आधीची बोली कशी होती, हे समजायला या पोथ्या फार मोलाच्या आहेत. पण गुरुमंदिरातून निघालेल्या पाहुण्याला त्या भांडारांचं नावही बहुधा कळत नाही.

वत्सगुल्माचं विस्मरण याहून मोठं आहे. वत्सगुल्म, प्राकृतात वच्छोम, पुढे बासिम आणि आजचं वाशिम. चौथ्या शतकात पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याने वाकाटक राजघराण्याची एक स्वतंत्र शाखा इथे स्थापली. 1939 साली उजेडात आलेला वाशिमचा ताम्रपट या शाखेचा सगळ्यात बोलका पुरावा आहे. सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या 37व्या वर्षी तो दिला. नांदीकट, म्हणजे नांदेडकडच्या भागातलं एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याचा हा लेख आहे. त्याची भाषा मुद्दाम थांबून पाहावी अशी आहे. राजघराण्याची वंशावळ संस्कृतात आहे, आणि प्रत्यक्ष दानाचा, सवलतींचा, हुकुमाचा भाग आला की लेख प्राकृतात उतरतो. मोठेपणा एका भाषेत आणि कारभार दुसऱ्या भाषेत, हा व्यवहार एका तांब्याच्या पटावर डोळ्यांना दिसतो. अजिंठ्याच्या 16व्या लेण्यातल्या झिजलेल्या शिलालेखातली वंशावळही या पटामुळेच नीट लागली. ते लेणं कोरवून घेणारा वराहदेव हा याच शाखेच्या हरिषेणाचा मंत्री होता. अजिंठा पाहायला जगभरातून माणसं येतात. त्या वैभवामागच्या राजघराण्याची राजधानी मात्र वाशिमला होती, हे वाशिमकरानेच सांगायला हवं. सर्वसेन तर स्वतः कवी होता. श्रीकृष्णाने स्वर्गातून पारिजात आणल्याच्या कथेवरचं त्याचं ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज हरवलं आहे. पण आनंदवर्धन, भोज, हेमचंद्र अशा काव्यशास्त्रकारांनी त्याची दखल घेतली. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न राजशेखराने काव्यमीमांसेत लावून दिलं, तेही विदर्भातल्या वत्सगुल्म नगरातच.

यावर पहिला आक्षेप येतो तो अगदी सरळ आहे: दाखवायचं काय? त्या काळचा ना वाडा उभा आहे ना तट. आक्षेप खरा आहे, पण तो तितकाच बालाजीच्या मूर्तींच्या कथेलाही लागू पडतो. मूर्ती मातीखाली होत्या तो काळ आज कुणाला दिसत नाही, तरी तो सांगितला जातो आणि पाहुणा मान डोलावून ऐकतो. सांगण्याची ही ताकद परदेशातही दिसते. ॲम्स्टरडॅमचा माणूस आलेल्या पाहुण्याला बोटीत बसवून कालव्यांतून फिरवतो. 17व्या शतकात खणलेले ते कालवे शहराच्या विस्तारासाठी, मालाच्या वाहतुकीसाठी आणि पाण्याच्या बंदोबस्तासाठी होते. नुसतं पाहिलं तर ते पाणीच. त्याला प्रेक्षणीय केलं ते सांगण्याने, आणि सांगता सांगता जपण्याने. 2010मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. दुसरा आक्षेप असा की ताम्रपट नि शिलालेख हा पंडितांचा विषय आहे, लेकरंबाळं घेऊन दर्शनाला आलेल्या कुटुंबाला त्यात काय गोडी? इथे आपण आपल्याच पाहुण्यांना कमी समजतो. राजा कवी होता, त्याचं काव्य हरवलं आणि त्याच्या मुलाचा पट याच गावात सापडला, ही गोष्ट सांगायला पाच मिनिटं पुरतात आणि ती लहान मुलालाही कळते. तिसरा आक्षेप श्रद्धेचा: अशाने दर्शनाचं महत्त्व उणावेल. पोहरादेवीकडे पाहिलं की ही भीती फिटते. तिथे ऑक्टोबर 2024मध्ये बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं. समाधीपुढे माथा टेकणारा माणूस तिथेच आपल्या समाजाचा इतिहासही पाहतो. भक्ती आणि माहिती एका फेरीत बसतात.

वाशिम 1905मध्ये जिल्हा म्हणून बंद झालं, अकोल्यात विलीन झालं आणि 1 जुलै 1998 रोजी पुन्हा जिल्हा झालं. मधली 93 वर्षं हा भाग सरकारदरबारी दुसऱ्याच्या नावाखाली होता, आणि माझ्या मते स्वतःचा इतिहास स्वतः सांगण्याची सवय मोडायला तेही एक कारण झालं असावं. आता जिल्हा आपला आहे, पाहुणेही आपलेच आहेत. रिठदहून त्यांना बालाजीला नेताना वाशिमच्या पद्मतीर्थ तळ्याच्या काठावर थोडा वेळ बसवा, आणि सर्वसेनाचं नाव त्यांच्या कानावर घाला.