नाताळची मजूरभरती आणि गोखले यांचे दोन ठराव

आशियाई मजुरांच्या स्थलांतरावरील निर्बंधांची मागणी केवळ गोऱ्या वसाहतवाल्यांनीच केली, असा समज रूढ आहे. वस्तुतः तशी मागणी भारतातूनही झाली. तिचा हेतू मात्र सर्वस्वी भिन्न होता.

दक्षिण आफ्रिकेतील नाताळच्या ऊसमळ्यांसाठी १८६० पासून भारतातून करारबद्ध मजूर नेले जात. मळेवाल्यांना श्रम हवे होते. मुदत संपल्यावर स्थायिक होणारा स्वतंत्र भारतीय मात्र तेथील गोऱ्यांना खुपत होता. म्हणून १८९५ च्या कायद्याने करारमुक्तांवर वार्षिक तीन पौंडांचा कर लादण्यात आला, तर १८९७ मध्ये नवागतांसाठी युरोपीय भाषेची अट आली. मजूरभरती मात्र चालूच राहिली.

या विसंगतीवर गोपाळ कृष्ण गोखले यांनी बोट ठेवले. नाताळसाठीची भरती रोखण्याचा अधिकार सरकारला असावा, हा त्यांचा ठराव २५ फेब्रुवारी १९१० रोजी केंद्रीय विधिमंडळात संमत झाला व १ जुलै १९११ पासून भरती थांबली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी संपूर्ण करारपद्धतीच रद्द करण्याची मागणी केली. ती २२ विरुद्ध ३३ मतांनी फेटाळली गेली. त्या वर्षअखेरीस अमरावतीचे रावबहादूर र. न. मुधोळकर यांच्या अध्यक्षतेखाली बांकीपूर येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनातही दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचा प्रश्न गाजला. अखेर १९१७ मध्ये सर्वच वसाहतींसाठीची करारबद्ध भरती थांबली.

नाताळच्या निर्बंधाने माणूस नाकारून त्याचे श्रम राखले. गोखले यांच्या निर्बंधाने श्रम नाकारून माणसाची प्रतिष्ठा राखू पाहिली. स्थलांतरविषयक कोणत्याही बंदीचे मूल्यमापन करताना हा भेद निर्णायक ठरतो.