सामना कोण जिंकतं? रहीमसाहेब, हैदराबाद आणि आम्ही बीडकर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा बीड जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. बरोबर महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे. तीन गोल मारणारा नेव्हिल डिसूझा मूळचा गोव्याचा आणि मुंबईत खेळणारा. म्हणजे आम्ही सोडलेल्या राजधानीचा वस्ताद आणि आम्ही नुकत्याच जोडल्या गेलेल्या राजधानीतला गडी. योगायोगच, पण मला तो सोडवत नाही. कारण त्यात एक जुना वाद दडलेला आहे: सामना शिकवणारा जिंकतो की खेळणारा?

आमच्याकडे हा वाद तालमीत चालतो. पठ्ठ्या जिंकला की हलगीच्या कडकडाटात त्याला खांद्यावर घेतात. हरला की ‘वस्तादाने काय शिकवलं?’ असं विचारतात. फुटबॉलमध्येही तीच रीत आहे. संघ हरला की पहिली गदा प्रशिक्षकावर येते. रहीमसाहेबांची कारकीर्द पाहिली, तर ही वाटणी किती कच्ची आहे ते कळतं.

रहीम पेशाने शिक्षक. त्यांच्या हाताखालच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. छोटे, जमिनीलगतचे पास आणि एकमेकांसाठी मोकळी जागा करून देणं, हा त्यांचा धडा. खेळाडूचा दुबळा पाय तयार व्हावा म्हणून ते फक्त त्याच पायाने खेळायच्या स्पर्धा घेत. ऐकायला साधी गोष्ट वाटते, पण सामन्यात चेंडू नेमका नको त्या पायाशी येतो तेव्हा प्रशिक्षक बाजूच्या रेषेबाहेर असतो. त्या क्षणी ओरडून उपयोग नसतो. जे काही द्यायचं, ते सहा महिने आधी देऊन झालेलं असावं लागतं.

तयारीलाही मर्यादा असते. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत रहीम यांच्या संघाने इराणला १-० असं नमवून सुवर्ण मिळवलं. पुढच्याच वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने त्याच प्रशिक्षकाच्या संघाला १०-१ असं झोपवलं. आपले बरेच खेळाडू अनवाणी होते. वस्ताद तोच होता, पण पायात बूट नव्हते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. संघाची तयारी ही एकट्या प्रशिक्षकाची गोष्ट नसते, त्यात संघटनाही येते, हे दहा गोल खाऊन कळलं.

मेलबर्नमध्ये नशीबही होतं. पहिल्या फेरीत गाठ हंगेरीशी होती. हंगेरीने माघार घेतली आणि भारत न खेळताच पुढे गेला. पण ऑस्ट्रेलियाविरुद्धचे चार गोल काही नशिबाने झाले नाहीत. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. उत्तरार्धात नेव्हिलनेच गोल करून भारताला पुढे नेलं, आणि मग थोड्याच वेळात संघ कोसळला; निकाल ४-१. चार वर्षांपूर्वी दहा गोल देणाऱ्या संघाशी बरोबरीने उभं राहणं ही तयारीची कमाई. मिळालेली आघाडी टिकवता न येणं, हा मैदानावरच्या अकरा जणांचा हिशेब.

आणि मग जकार्ता, १९६२. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असं हरवलं. स्पर्धेत बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. रहीम यांनी त्याला घरी पाठवलं नाही, आघाडीला नेऊन उभं केलं. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा कोरिया आणि भारतावर चिडलेलं प्रेक्षागृह. गोलरक्षणाला रहीम यांनी पीटर थंगराजला आणलं. मधल्या फळीत गोव्याचा फोर्तुनातो फ्रँको होता. सुरुवातीच्या वीस मिनिटांतच पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी गोल केले. कोरियाचा एक गोल शेवटी शेवटी झाला, पण सुवर्ण भारताचं. जखमी बचावपटूला पुढे खेळवण्याची कल्पना रहीम यांची. टाके घातलेलं डोकं घेऊन त्या गर्दीत घुसण्याची छाती मात्र जर्नेलची. यातलं एक काढलं, तर दुसरं निरर्थक ठरतं.

११ जून १९६३ रोजी रहीम कर्करोगाने गेले. पुढच्या वर्षी भारत आशियाई चषकात उपविजेता ठरला. जुनी शिदोरी तेवढी पुरली. १९६६ च्या आशियाई स्पर्धेत संघ गटातच बाद झाला. आशियाई सुवर्ण त्यानंतर आलेलं नाही. खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला, प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य १९८५ मध्ये. रहीम जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती. हा फरकच मला सगळ्यात बोलका वाटतो. शिकवणाऱ्याचं काम दिसत नाही, म्हणून ते मोजायचं राहून जातं.

मोजायचंच, तर आमच्या जिल्ह्यात एक उदाहरण आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला, तिथे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. २०१८ मध्ये तो तीन हजार मीटर ८ मिनिटं २९.८० सेकंदांत धावला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याची वेळ होती ८ मिनिटं ११.२० सेकंद, आणि सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकलं. साडेअठरा सेकंद चार वर्षांच्या मेहनतीने कापले. उरलेला सेकंदाचा विसावा भाग त्या दिवशीच्या शेवटच्या पावलांत होता. आपण चर्चा करतो ती या विसाव्या भागाची.

पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला कुस्तीचं सुवर्ण घेतलं, तेव्हा त्याला पुण्यात घडवणारे हरिश्चंद्र बिराजदार हयात नव्हते. आखाड्यात पकड राहुलचीच होती. पण ती पकड शिकवणारा हात सात वर्षांपूर्वीच गेला होता, आणि तरी त्या दिवशी तो कामाला आला. म्हणून मला वाटतं, शेवटचा डाव पठ्ठ्याचाच असतो. वस्ताद त्याला त्या डावापर्यंत पोचवतो. आमच्या जिल्ह्यातल्या शाळांच्या मैदानांवर असा पोचवणारा माणूस उभा आहे का, हा प्रश्न आपण पदकाच्या मिरवणुकीआधी विचारायला हवा.