कै. अण्णासाहेब लठ्ठे : अर्थमंत्री आणि व्रत
दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या (स्थापना १८९९) संस्थापकांपैकी एक, अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे (१८७८-१९५०) हे कोल्हापूर संस्थानचे दिवाण होते. पुढे १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. मद्यत्याग हा श्रावकाच्या अष्टमूलगुणांपैकी एक. परंतु अबकारी उत्पन्न हा सरकारी तिजोरीचा मोठा आधार होता. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी अमलात आली. बुडणारे उत्पन्न भरून काढण्यासाठी अण्णासाहेबांनी शहरी स्थावर मिळकतींवर कर बसविला व मोठा विरोध पत्करला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. व्रत घेणाऱ्याने त्याचे मोलही हिशेबात मांडावे, ही त्यांची शिकवण विश्वस्तांनी सदैव स्मरावी.